बोकडाची लघवी तुंबते तेव्हा

मागच्या वेळी आपण करडांच्या जंतांवर बोललो. कार्यक्रम संपल्यावर जे फोन आले, त्यात दोघींनी जवळजवळ एकच गोष्ट सांगितली. "बोकड सकाळपासून कुंथतोय, सारखी शेपटी हलवतोय. लेंड्या अडकल्यात वाटतं. एरंडेल पाजू का?" पुढच्या कार्यक्रमापर्यंत थांबण्यासारखा हा प्रश्न नव्हता. आम्ही दोघींनाही फोनवरच सांगितलं, की एरंडेल राहू द्या, आधी बोकडाच्या पोटाखाली हात घाला आणि तिथले केस ओले आहेत का बघा. एकीच्या बोकडाला खरोखरच लेंड्यांचा त्रास होता. दुसरीच्या बोकडाची लघवी बंद झाली होती.

म्हणून आजचा विषय हाच घेतला आहे, बोकडाचा मुतखडा. ऐकायला जरा संकोच वाटेल. चारचौघीत लघवीबद्दल बोलायचं, तेही रेडिओवर, म्हणजे काहींना हसू येईल. पण ज्या घरात ईदेसाठी किंवा जत्रेसाठी एखादा बोकड वर्षभर जपला जातो, त्या घरात हा विषय हसण्यावारी नेण्यासारखा नाही.

आम्ही तिघी पशुसखी आहोत, डॉक्टर नाही. लस टोचणं, जंताचं औषध पाजणं, जखम धुणं, खूर कापणं, एवढं आमचं काम. हा आजार आम्हाला बरा करता येत नाही, आणि तुम्हालाही घरी करता येणार नाही. पण तो ओळखायचं काम मात्र आपलंच आहे. डॉक्टर बोलावल्याशिवाय येत नाहीत, आणि बोकड सकाळ-संध्याकाळ आपल्या डोळ्यांसमोर असतो.

हे आम्ही कसं शिकलो ते सांगतो. चांगलं शिकलो नाही, चुकून शिकलो.

आमच्या गटातल्या एका ताईंकडे काळाभोर उस्मानाबादी बोकड होता. सव्वा वर्षाचा, अंगाने भरलेला, लहानपणीच खच्ची केलेला. त्याला बावीस हजारांची मागणी आली होती आणि ताई पंचवीसवर अडून बसल्या होत्या. ईदेला दोन महिने होते. रोज सकाळी मक्याचा भरडा, गव्हाचा कोंडा, वरून भिजवलेली शेंगदाणा पेंड, असं पाटीभर त्याच्यापुढे पडायचं. घरातल्या पोरांच्या आधी त्याची पाटी भरायची, असं त्या स्वतःच हसून सांगायच्या.

एका दुपारी त्यांनी आम्हाला बोलावलं. बोकड मागचे पाय मागे ताणून, पाठ वाकवून उभा होता. कुंथत होता, मधेच ओरडत होता. आम्ही बघितलं आणि म्हटलं, बद्धकोष्ठ. गोडं तेल पाजलं, ओवा-गुळाचं पाणी पाजलं, तांब्याभर साधं पाणीही बळेच पाजलं. रात्रभर तो कण्हत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी एकदम शांत झाला, बसला, एक-दोन पानंही खाल्ली. आम्हाला वाटलं, लागू पडलं. ताईंनी आम्हाला चहा पाजला.

तो बरा झाला नव्हता. त्याची लघवीची पिशवी आत फुटली होती. तटतटून भरलेली पिशवी फुटली की ताण जातो, म्हणून दुखणं थांबल्यासारखं वाटतं. मग पोटात लघवी साठत जाते आणि तिचं विष अंगात भिनत जातं. तिसऱ्या दिवशी पोट दोन्ही बाजूंनी खाली उतरलं, तोंडाला मुताचा वास यायला लागला, आणि संध्याकाळी बोकड गेला. डॉक्टरांनी उघडून दाखवलं तेव्हा पोटातून बादलीभर पाणी निघालं, आणि लघवीच्या नळीच्या अगदी टोकाला राजगिऱ्याएवढे चार-पाच खडे. त्या खड्यांनी पंचवीस हजारांचा बोकड नेला. आम्ही पाजलेलं पाणी त्याला लवकर घेऊन गेलं, हेही डॉक्टरांनी सांगितलं. आवाज न चढवता सांगितलं, म्हणून जास्तच लागलं.

आता हे होतं कसं, ते समजून घेऊ.

मुतखडा शेळीलाही होतो. पण शेळीची लघवीची वाट आखूड, सरळ आणि रुंद असते, त्यामुळे बारीक खडे, रेती लघवीबरोबर निघून जातात. बोकडाची नळी लांब आणि अरुंद. वाटेत तिला इंग्रजी एस अक्षरासारखं वळण असतं, आणि इंद्रियाच्या टोकाला बोटाच्या पेरासारखा एक बारीक धागा असतो, गांडुळाच्या शेपटीसारखा. त्या धाग्यातूनही लघवीची वाट जाते. खडा अडकायच्या नेहमीच्या जागा दोनच. एक हा धागा, दुसरी ते वळण. बैलाला धागा नसतो, पण वळण असतं, म्हणून बैलालाही हे होतं. मेंढ्याला दोन्ही असतं.

खच्ची केलेल्या बोकडाला धोका जास्त. कारण असं, की अंडातून जो नराचा रस रक्तात उतरतो, त्यावर ही नळी आणि इंद्रिय वाढतं. पिल्लू महिना-दीड महिन्याचं असताना खच्ची केलं, की तो रस बंद होतो आणि नळी बारीकच राहते. लहानपणी इंद्रिय आतल्या कातडीला चिकटलेलं असतं, तेही नीट सुटत नाही. म्हणून पहिल्या-दुसऱ्या महिन्यात खच्ची करायची घाई करू नका. चार-पाच महिन्यांचा झाल्यावर करून घ्या. त्यात एक अडचण आहे, ती लपवत नाही. नर करडं तीन-चार महिन्यांतच माद्यांच्या मागे लागतात, तेव्हा तोवर त्यांना वेगळं बांधायला जागा हवी. आणि मोठ्या करडाला दुखतंही जास्त. त्यामुळे गावातल्या चिमटेवाल्याकडून नको, डॉक्टरांकडून, भूल देऊन करून घ्या. ज्यांच्याकडे एकच खोपट आहे त्यांना हे जमणार नाही, हेही आम्हाला ठाऊक आहे. त्यांनी मग खुराकाकडे दुप्पट लक्ष द्यावं.

कारण खरी गोम खुराकात आहे.

खडे येतात कुठून? बहुतेक खडे आपणच पाटीत घालतो. मका, गहू, ज्वारी, बाजरी, कोंडा या सगळ्यांत फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम अगदी नावापुरतं. जनावराच्या एकूण खाण्यात कॅल्शियम फॉस्फरसच्या दुप्पट असावं लागतं. धान्याच्या पाटीत ते उलटं होतं, आणि कोंड्यात तर सगळ्यात जास्त उलटं. हा जादा फॉस्फरस कुठेतरी बाहेर टाकावाच लागतो.

इथे रवंथाची गंमत आहे. शेळीच्या जातीत जादा फॉस्फरस मोठ्या प्रमाणात लाळेतून पोटात उतरतो आणि लेंडीवाटे निघून जातो. लाळ कधी सुटते? चावताना, रवंथ करताना. कडबा, पाला, भुसकट खाणारा बोकड तासन् तास रवंथ करतो, घोटाघोटाने लाळ गिळतो. भरडा खाणारा बोकड पाच मिनिटांत पाटी चाटून पुसून मोकळा होतो. रवंथ कमी, लाळ कमी, मग तोच फॉस्फरस लघवीकडे वळतो. तिथे मॅग्नेशियम आणि अमोनिया त्याला भेटतात आणि पांढरट रेती तयार होते. पाणी कमी प्यायला असेल तर लघवी दाट होते, रेती खाली बसते, एकमेकीला चिकटते. चुलीवर पाणी आटवलं की भांड्याच्या तळाला जसा पांढरा थर राहतो, तसंच समजा.

म्हणजे बघा, ज्या बोकडावर घरचा जीव जास्त, ज्याला धान्य जास्त, त्यालाच हे होतं. रानात बोरी-बाभळी ओरबाडत हिंडणाऱ्या बोकडाला ते क्वचित होतं. आमच्या ताईंना हे ऐकून सगळ्यात जास्त वाईट वाटलं होतं.

आता लक्षणं. ही नीट ऐका. जमलं तर घरातल्या पोरांनाही ऐकवा, कारण पोरंच बोकडाजवळ जास्त असतात.

पहिल्यांदा फरक पडतो तो लघवी करण्याच्या वेळेत. बोकड उठला की लघवी करायला उभा राहतो आणि उभाच राहतो. धार येत नाही, थेंब थेंब येतं. शेपटी सारखी वरखाली हलते. इंद्रियाच्या पुढच्या केसांच्या झुपक्याला हात लावला तर बोटाला रेती लागते, मिठाच्या बारीक खड्यांसारखी. कधी केसांना रक्ताची लाली असते. ही रेती दिसली आणि बोकड अजून नीट धार मारतोय, तर तुम्ही नशीबवान. आठवडाभर आधी मिळालेली ती सूचना आहे. खुराक त्याच दिवशी बंद करा आणि डॉक्टरांना दाखवा.

वाट पूर्ण बंद झाली की तो मागचे पाय ताणून, पाठ वाकवून उभा राहतो. कुंथतो, ओरडतो, दात करकर वाजवतो, मागच्या पायाने पोटाला लाथ मारतो, मान वळवून कुशीकडे बघतो. खाणं सोडतो. शेपटीखाली, गुदद्वाराच्या खालच्या भागावर दोन बोटं हलकेच ठेवली तर आत धडधड जाणवते. ती नळीची धडपड असते. केस कोरडे. बांधायची जागा कोरडी.

यात फसायला होतं ते असं. कुंथतो म्हणून आपल्याला बद्धकोष्ठ वाटतं. पण बद्धकोष्ठात लघवी होत असते, आणि लघवी तुंबलेला बोकड पहिल्या दिवशी थोड्या लेंड्याही टाकतो. पोटफुगी वाटली, तर पोटफुगीत डावी भकाळी वर येते आणि टिचकी मारली की ढोलासारखी वाजते. लघवीची पिशवी फुटल्यावर पोट खालून, दोन्ही बाजूंनी वाढतं. वाजत नाही, डचमळतं. कधी पिशवीऐवजी नळीच फुटते. मग पोटाच्या कातडीखाली पुढपर्यंत सूज उतरते, दाबली की बोट रुततं, आणि पुढे ती कातडी गार आणि काळी पडते.

एक गोष्ट इथे सांगायलाच हवी, नाहीतर उद्या दहा फोन येतील. खच्ची न केलेला, माजावर आलेला बोकड मान खाली घालून स्वतःच्या दाढीवर, तोंडावर लघवी उडवतो आणि मग ओठ वर करून हुंगत बसतो. तो आजार नाही. ती त्याची ऐट आहे.

लघवी पूर्ण बंद झाल्यापासून हातात वेळ किती? एक दिवस, फार तर दोन. त्यानंतर पिशवी किंवा नळी फुटायची भीती. म्हणून "उद्या सकाळी बघू" हे वाक्य या एका आजारात म्हणायचं नाही. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात फोन करा, नाहीतर 1962 या टोल फ्री क्रमांकावर फिरत्या दवाखान्यासाठी फोन करा. आणि फोनवर "बोकड आजारी आहे" असं मोघम सांगू नका. "खच्ची बोकड आहे, सकाळपासून लघवी बंद आहे, कुंथतोय" असं सांगा. एवढ्या शब्दांवर डॉक्टरांना कळतं की किती घाई आहे आणि बरोबर काय आणायचं.

डॉक्टर येईपर्यंत काय करायचं? मुख्य म्हणजे काय करायचं नाही. पाणी बळेच पाजायचं नाही. तो स्वतःहून प्याला तर पिऊ द्या, पण तोंड धरून नको. तेल, एरंडेल, ताक, सरबत काही नको. पोट दाबून लघवी काढायचा प्रयत्न नको, पिशवी हातातच फुटेल. माणसासाठी आणलेली लघवी वाढवायची गोळी तर अजिबात नको. धान्याची पाटी उचलून ठेवा, त्याला सावलीत, कोरड्या जागी वेगळा बांधा, आणि शेवटची लघवी कधी केली ते घरात सगळ्यांना विचारून ठेवा.

याच्यावर एका मावशींनी फोनवर आम्हाला छान अडवलं. त्या म्हणाल्या, "माझ्या मालकांचा मुतखडा कुळथाच्या कढणाने पडला. डॉक्टरसुद्धा पाणी जास्त प्या म्हणाले होते. मग बोकडाला का नको?" प्रश्न रास्त आहे. माणसाचा खडा बहुतेक वेळा मूत्रपिंडातून पिशवीकडे येणाऱ्या वाटेवर असतो, तोही एका बाजूला. दुसऱ्या बाजूने लघवी चालू असते, म्हणून वरून पाणी वाढवलेलं चालतं. बोकडाचा खडा असतो पार तोटीच्या तोंडाशी. तोटी बंद असताना टाकीत पाणी सोडत राहिलं तर काय होईल? कुळीथ, पानफुटी, काहीजण तर बिअर पाजतात, सगळ्याची गोष्ट हीच. वाट मोकळी असताना पाणी हे औषध. वाट बंद असताना तेच पाणी घात करतं. आम्ही तो करून बसलो आहोत.

डॉक्टर काय करतात, तेही माहीत असलेलं बरं, म्हणजे घाबरायला होत नाही. ते बोकडाला मांडीवर टेकवून माणसासारखं बसवतात, कुणीतरी मागून धरायचं, आणि इंद्रिय बाहेर काढतात. टोकाच्या त्या धाग्यात खडा दिसला तर धागा कात्रीने कापतात. बायका हे बघून तोंडाला पदर लावतात, पण त्याने बोकडाचं काही बिघडत नाही. न खच्ची केलेल्या बोकडाचं शेळ्या भरवणंही थांबत नाही. नशीब चांगलं असेल तर तिथेच धार सुटते, आणि ती धार बघितल्यावर जो आनंद होतो तो सांगता येत नाही. मात्र फार लहानपणी खच्ची केलेल्या बोकडाचं इंद्रिय बाहेरच येत नाही, तेव्हा हा सोपा उपायही हातचा जातो.

"माणसासारखी नळी घालून लघवी का काढत नाहीत?" असंही एकीनं विचारलं. बोकडाच्या वाटेत शेपटीखालच्या वळणावर एक छोटा खिसा असतो. बाहेरून घातलेली नळी त्या खिशात जाऊन अडते, पिशवीपर्यंत पोचत नाही. म्हणून खडा वर वळणात असेल तर शस्त्रक्रिया करावी लागते. पोटातून थेट पिशवीत रबरी नळी बसवतात. लघवी तिच्यातून बाहेर पडत राहते, सुजलेल्या वाटेला विश्रांती मिळते, आणि औषधाने खडे विरघळायला वेळ मिळतो. ही सोय प्रत्येक तालुक्याला नसते. शिरवळ, परभणी, उदगीर, अकोला, नागपूर, मुंबई इथल्या पशुवैद्यकीय महाविद्यालयांच्या दवाखान्यांत मोठ्या शस्त्रक्रिया होतात. आपले तालुक्याचे डॉक्टर चिठ्ठी देतात.

आमच्याच गटातल्या दुसऱ्या एका बोकडाचं असं झालं. पहिला बोकड गेल्यामुळे सगळ्याजणी सावध होत्या, म्हणून संध्याकाळी सहाला कळलं आणि आठला डॉक्टर आले. धागा कापला, धार सुटली. तिसऱ्या दिवशी पुन्हा बंद. हे असं होतं, कारण एक खडा निघाला तरी मागे पिशवीत रेती शिल्लक असते. म्हणून धागा कापल्यावर निदान आठवडाभर तरी डोळ्यांत तेल घालून बघायचं असतं. टेम्पो करून त्याला महाविद्यालयाच्या दवाखान्यात नेलं, नळी बसवली. बारा दिवस नळी होती. त्याने ती चावू नये, दुसऱ्या शेळ्यांनी ओढू नये म्हणून त्या ताई त्याच्याजवळ खाट टाकून झोपल्या. दहाव्या दिवशी नळीचं तोंड थोडा वेळ बंद करून बघितलं, तर खालून धार आली.

खर्च झाला. टेम्पो, औषधं, मजुरी बुडाली ती वेगळी. शिवाय त्या ईदेला तो विकता आला नाही, कारण इंजेक्शनं दिलेल्या जनावराचं मटण ठरावीक दिवस खायचं नसतं. ते दिवस डॉक्टर औषधाप्रमाणे सांगतात. या हिशेबात सगळ्यांचंच गणित जमत नाही, आणि सात-आठ हजारांच्या बोकडावर एवढा खर्च करा असं आम्ही कुणाला सांगणार नाही. डॉक्टरांना सरळ विचारा, वाचायची आशा किती आणि खर्च किती. विचारण्यात लाज नाही.

पण "चला, पटकन विकून मोकळं होऊ" हे मात्र नको. कसायाला किंवा ईदेच्या गिऱ्हाईकाला न सांगता असा बोकड गळ्यात मारणं म्हणजे फसवणूक. कुर्बानीला आजारी जनावर चालत नाही, घेणाऱ्याचा पैसाही जातो आणि त्याचं धर्माचं कामही अडतं. लघवी रक्तात भिनलेल्या जनावराच्या मटणाला मुताचा वास येतो, ते खाण्याजोगं नसतं. बोकडाचा विमा असेल तर कानातला बिल्ला सांभाळा आणि डॉक्टरांना आधीपासून कळवून ठेवा. जनावर गेल्यावर त्यांचा तपासणीचा दाखला लागतो, आणि पुरून टाकल्यावर दाखला कोण देणार?

औषधाचं म्हणाल तर ते तुमच्या आजीच्या ओळखीचं आहे. नवसागर. कल्हईवाला भांडं तापवून कापसाने जी पांढरी पूड फिरवायचा आणि भसकन धूर निघायचा, तीच. तिचं शास्त्रातलं नाव अमोनियम क्लोराईड. ती पोटात गेली की लघवी आंबट होते, आणि धान्यामुळे झालेले खडे आंबट लघवीत विरघळतात. पण म्हणून बाजारातला कल्हईचा नवसागर आणून पाजू नका. त्यात काय मिसळलंय सांगता येत नाही. औषधाच्या प्रतीचा असतो, तो डॉक्टर वजनाप्रमाणे मोजून देतात, वाट मोकळी झाल्यावर देतात आणि ठरावीक दिवसच देतात. जास्त दिवस दिला तर हाडातलं कॅल्शियम झिजतं. चवीला तो इतका वाईट असतो की बोकड पाटीला तोंड लावत नाही. गुळाच्या पाण्यात कालवून द्यावा लागतो. आणि चुनखडीसारखे, कॅल्शियमचे जे खडे असतात त्यांच्यावर त्याचा फारसा उपयोग होत नाही. काढलेला खडा टाकून न देता पुडीत बांधून डॉक्टरांना द्या तो यासाठीच.

आता रोजच्या खाण्याकडे येऊ. बोकड वाढवायचाय, त्याला धान्य द्यायचंच नाही असं नाही. वाढत्या बोकडाला दिवसाला अडीचशे-तीनशे ग्रॅम खुराक पुरतो, तोही एकदम न देता दोन वेळा वाटून. त्यात कोंड्याचा भाग कमी ठेवा. खरं पोट भरायला पाहिजे चाऱ्याने. तुरीचं किंवा हरभऱ्याचं भुसकट, कडबा, शेवरी, सुबाभूळ, बोर, बाभूळ, जे रानात मिळेल ते. शेवरी, लसूणघास, दशरथ घास या चाऱ्यांत कॅल्शियम चांगलं असतं, त्यामुळे धान्याचं उलटं झालेलं माप सावरतं. पण नुसता लसूणघासच रोज भाराभर घातला तर कॅल्शियमचे खडे व्हायची भीती. म्हणजे मिसळून द्यायचं. दुभत्या गाईसाठी आणलेलं खनिज मिश्रण बोकडाच्या पाटीत मूठभर टाकायची काहींना सवय आहे. त्यात फॉस्फरस आणि मॅग्नेशियमही असतं, तेव्हा विचारल्याशिवाय टाकू नका. साधं मीठ मात्र द्या. खुराकात चिमूटभर, किंवा चाटायला मिठाचा खडा. मीठ चाटलं की पाणी पितो.

पाण्यावर जरा थांबते, कारण आपल्या दुष्काळी पट्ट्यात शेळीला पाणी लागतच नाही असा समज आहे. ओला पाला खाणारी शेळी कमी पिते हे खरं. पण गोठ्यात बांधून कोरडं खाणाऱ्या तीस-चाळीस किलोच्या बोकडाला दिवसाला तीन ते पाच लिटर पाणी लागतं, उन्हाळ्यात जास्त. आणि शेळीची जात चोखंदळ. बादलीत एक लेंडी पडली तरी ती तोंड फिरवते, आपण म्हणतो तहान नाही. बादली उंचावर टांगा, रोज विसळा. थंडीत पहाटेचं गार पाणी ते पीत नाहीत, तेव्हा जरा कोमट करून ठेवलं तर फरक पडतो. आमच्याकडे डिसेंबर-जानेवारीत तुंबण्याच्या तक्रारी वाढतात, त्याचं एक कारण हे असावं असं आम्हाला वाटतं.

"बोअरचं पाणी जड आहे, त्याने होतं का?" हे तर प्रत्येक गावात विचारतात. जड पाणी पिऊनही चरायला जाणारे बोकड ठणठणीत असतात, आणि नळाचं गोड पाणी पिऊन भरडा खाणारे तुंबतात, असं आम्ही बघितलं आहे. तेव्हा पाण्यावर खापर फोडून पाटीकडे दुर्लक्ष करू नका. पाणी जड असलं तरी भरपूर प्यायलेलं बरं.

नळी बसवलेला तो बोकड पुढच्या वर्षीपर्यंत ताईंकडेच राहिला. त्याचा भरडा निम्म्यावर आला, दुपारी दोन तास तो बांधाने चरायला जाऊ लागला. वजन जरा कमी भरलं. भावही पहिल्या मागणीपेक्षा दोन हजारांनी कमी आला, पण आला. त्या ताईंनी तेव्हापासून एक सवय ठेवली आहे. रात्री बोकडाच्या खाली कोरडं गोणपाट टाकतात. सकाळी दूध काढायच्या आधी ते उचलून बघतात, ओलं असेल तर वाळत घालतात आणि कामाला लागतात. एके दिवशी ते कोरडं निघालं, तेव्हा त्यांनी चूलही पेटवली नाही, आधी फोन लावला. निघालं असं, की बोकड रात्री दावं तोडून शेजारच्या अंगणात झोपला होता. डॉक्टर हसले, पण म्हणाले, असा फोन रोज आला तरी चालेल.